भीती ओसरते, ओढ नाही
(वय आणि मृत्यू : लेखांक ५)

मागच्या आठवड्यात आपण बुडापेस्टमधल्या मुलांपाशी थांबलो होतो. मारिया नॉज यांचा तो अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांखालच्या मुलांना मरण म्हणजे गावाला जाणे किंवा झोप लागणे वाटे; ते कोणालाच चुकत नाही, हे नऊ-दहाव्या वर्षी उमगे. आज दुसऱ्या टोकाकडे वळू. वय झाले की माणसाच्या मनाची तयारी झालेलीच असते, असे आपल्याकडे घरोघरी गृहीत धरतात. 'पिकले पान' म्हटले की पुढे काही विचारायची गरजच उरत नाही. या समजुतीतला अर्धा भाग खरा आहे. मृत्यूची भीती तरुणांपेक्षा वृद्धांत साधारणतः कमी असते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. पण भीती ओसरली म्हणजे जगण्याची ओढही ओसरली, हा उरलेला अर्धा भाग चुकीचा आहे, आणि त्याची किंमत आजारी म्हाताऱ्या माणसाला मोजावी लागते.

भीती कमी का होते? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांचे उत्तर मला सर्वांत पटते. त्यांच्या मते मन बदलते ते किती वर्षे सरली यामुळे नव्हे, तर किती उरली आहेत असे वाटते त्यामुळे. त्यांच्या अभ्यासांतला एक प्रश्न अगदी साधा आहे : तुमच्याकडे अर्धा तास मोकळा आहे, तो तुम्ही घरच्या जवळच्या माणसाबरोबर घालवाल, नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाच्या लेखकाबरोबर, की जिच्याशी सूर जुळेल असे वाटते अशा नव्या ओळखीच्या व्यक्तीबरोबर? वृद्धांचा कल जवळच्या माणसाकडे असतो, तरुणांचा तितका नसतो. हाँगकाँगमध्ये मात्र वेगळेच घडले. १ जुलै १९९७ रोजी ते शहर ब्रिटिशांकडून चीनकडे जायचे होते. हस्तांतर तोंडावर आले तेव्हा तिथले तरुणही वृद्धांसारखेच आपल्या माणसांकडे वळलेले दिसले. वर्षभराने पाहिले, तर तरुण-वृद्धांतला फरक पुन्हा होता तसा झाला होता. वय तेच, शरीर तेच. पण काहीतरी संपत आले आहे या जाणिवेने निवड बदलली. उरलेला वेळ थोडा आहे हे कळले की माणूस दूरच्या बेतांवरून मन काढून हाताशी असलेल्या माणसांत गुंतवतो. मृत्यू हिरावून नेईल अशी भविष्याची मोठी रास त्याच्यापुढे उरत नाही, म्हणून धास्ती उतरते. पण जे हाताशी उरले, त्याचे मोल मात्र वाढते.

यावर आक्षेप असा की हा पिढीचा फरक असेल : आजच्या वृद्धांनी साथी, टंचाई, घरातली मरणे जवळून पाहिली, म्हणून ते खंबीर. पिढीचा वाटा असेलही. पण हाँगकाँगचे तरुण काही महिन्यांत पिढी बदलून आले नव्हते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. 'देवा, आता सोडव रे बाबा' असे म्हातारी माणसे स्वतःच म्हणतात, मग त्यांचे म्हणणे खरे का मानू नये? मानायलाच हवे, पण पूर्ण ऐकून. बॅरी फोर्टनर आणि रॉबर्ट नाइमायर यांनी १९९९ साली वृद्धांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. म्हातारपणात मृत्यूची भीती जास्त असण्याचा संबंध त्यांना वयाशी नव्हे, तर शारीरिक व्याधी आणि मानसिक त्रास यांच्याशी आढळला. म्हणजे पंचाहत्तरी आणि नव्वदी यांतल्या अंतरापेक्षा गुडघ्यांचे दुखणे, रात्रीची तळमळ, दुसऱ्याच्या हाताने करून घ्यावे लागणारे प्रातर्विधी यांना जास्त महत्त्व द्यायला हवे. 'सोडव' या हाकेत अनेकदा सुटका मागितलेली असते ती दुखण्यातून, परावलंबनातून, एकटेपणातून. आधी त्यावर उपचार व्हावेत.

जगण्याच्या ओढीचा थेट पुरावाही आहे. अमेरिकेतल्या रुग्णालयांत दाखल झालेल्या, ऐंशी वा त्याहून अधिक वयाच्या ४१४ रुग्णांना विचारले गेले : आहे त्या प्रकृतीत एक वर्ष हवे, की ठणठणीत प्रकृतीत त्याहून कमी काळ? १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ४१ टक्के रुग्ण आयुष्यातला जराही काळ सोडायला तयार नव्हते. त्यांच्या वतीने उत्तर देणाऱ्या आप्तांचा अंदाज मात्र चुकला. रुग्ण बऱ्या प्रकृतीसाठी जितका काळ सोडेल असे त्यांना वाटले, तितका तो सोडायला तयार नव्हता. उलट टोकाचे रुग्णही होतेच. काहींना थोडके पण धडधाकट आयुष्य हवे होते. वयावरून कोण कुठल्या बाजूचा हे ओळखता येत नाही, एवढे यातून नक्की कळते.

म्हणून घरातल्या माणसाला विचारावे, आणि तेही शुद्ध हरपण्याआधी. आपल्याकडे त्याला आता कायद्याचे बळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे ते करता येते. पण एकदा सही केली की विषय मिटला, असे समजू नये. त्याच अमेरिकी अभ्यासातल्या हयात रुग्णांना वर्षभराने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा ते पहिल्यापेक्षाही कमी काळ सोडायला राजी होते. सत्तरीत लिहिलेले इच्छापत्र ऐंशीत पुन्हा त्यांच्यासमोर ठेवावे, आणि मजकूर बदलायचा असेल तर बदलू द्यावा.