पत्ता सापडतो, तारीख हरवते

रास्पबेरी पाय २०१२च्या फेब्रुवारीत बाजारात आला आणि लवकरच हौशी मंडळींनी त्याच्या पिनांना जीपीएसची छोटी मॉड्यूलं जोडायला घेतली. चार तारांचं काम: वीज, ग्राउंड, टीएक्स, आरएक्स. वर जीपीएसडी हा मुक्त प्रोग्राम चढवायचा. रिसीव्हर काय बोलतो ते ऐकून तो नकाशाला स्थान पुरवतो आणि घड्याळाला वेळ. तेव्हापासूनच्या दहाएक वर्षांतल्या दुरुस्त्या आठवल्या की जाणवतं, तक्रार नेहमी एकच असायची: फिक्स, म्हणजे जागेचा ठाव, मिळत नाही. दोष आकाशात मात्र क्वचितच सापडायचा. आधी तो तारेत असायचा, पुढे पुढे तारखेत.

सुरुवातीच्या पायवर सिरियल पोर्ट मोकळं नसायचंच. लिनक्सने ते कन्सोलसाठी धरून ठेवलेलं असे. मग गंमत व्हायची. रिसीव्हर दर सेकंदाला आपली वाक्यं पाठवतोय आणि पलीकडे लॉगिनचा प्रोग्राम ‘डॉलर जीपीजीजीए’ने सुरू होणारं ते वाक्य म्हणजे कुणाचं तरी युजरनेम समजून पासवर्ड विचारतोय! बूट सेटिंगमधली कन्सोलची नोंद काढली आणि लॉगिनची सेवा बंद केली की भांडण मिटायचं. पण हे कळेपर्यंत लोक अँटेना घेऊन गच्चीवर जाऊन आलेले असत.

२०१६ मध्ये पाय ३ आला, ब्लूटूथ घेऊन. सिरियल पोर्ट चालवणारं चांगलं यूएआरटी ब्लूटूथला गेलं आणि पिनांच्या वाट्याला मिनी यूएआरटी आलं. त्याचा वेग चिपच्या कोअर क्लॉकला बांधलेला. क्लॉक हललं की ९६०० बॉड ९६०० राहायचा नाही आणि पडद्यावर कचरा उमटायचा. जुन्या बोर्डावर सुरळीत चालणारं कार्ड नव्यात घातलं की सगळं ठप्प. शिवाय जीपीएसडीचा एक स्वभाव होता, अजूनही आहे: कुणी क्लायंट विचारायला येईपर्यंत तो रिसीव्हरचं पोर्ट उघडतच नाही. वीज वाचावी म्हणून केलेली ही सोय. ज्यांना त्याच्याकडून फक्त घड्याळ लावून घ्यायचं होतं, ते ताटकळत बसत. ‘एन’ हा पर्याय देऊन प्रोग्राम सुरू केला की झालं. मला विचाराल तर तो आधीपासूनच चालू हवा होता.

तारेचे दोष निदान समोर दिसतात. तारखेचं तसं नाही. जीपीएसचा मूळ संदेश वर्ष सांगतच नाही. तो सांगतो आठवडा, ६ जानेवारी १९८० पासून मोजलेला आणि तोही दहा बिटांत. १०२४ आठवडे झाले, म्हणजे साधारण एकोणीस वर्षं सात महिने, की मोजणी पुन्हा शून्यावर. ऑगस्ट १९९९ मध्ये असं झालं, एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा झालं. त्या दुसऱ्या खेपेला न्यूयॉर्क शहराचं सरकारी वायरलेस जाळंच आडवं झालं. रिसीव्हर जे वाक्य पाठवतो, त्यातल्या आरएमसी प्रकारात वर्षाला दोनच आकडे. मग चालू फेरा कोणता, हे जीपीएसडीने ठरवायचं कशावरून? बराच काळ तो त्यासाठी संगणकाच्या घड्याळाकडे बघत असे. आणि पायला बॅटरीवर चालणारं घड्याळच नव्हतं. पाय ५ येईपर्यंत, म्हणजे २०२३ पर्यंत, नव्हतं. घड्याळ लावायला ज्याला बोलावलं तोच विचारतोय, वाजले किती?

या साऱ्यावर कळस चढला तो २०२१ मध्ये. जीपीएसडीच्या ३.२० ते ३.२२ या आवृत्त्यांत खबरदारी म्हणून एक तपासणी घातलेली होती. लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखायला घड्याळात घालतात ते जादा सेकंद, एकोणीसपेक्षा कमी आणि आठवडा २१८०च्या पुढचा असेल, तर हा आठवडा भविष्यातला आहे असं समजून त्यातून १०२४ वजा करायचे. शेजारच्या टिपणीत गृहीतही लिहून ठेवलं होतं: २०२२ अखेरपर्यंत एकोणिसावा लीप सेकंद येईल. यात दोन घोटाळे. एक, २१८०वा आठवडा २०२२ अखेर नव्हे, ऑक्टोबर २०२१ मध्येच संपत होता. दुसरा पृथ्वीने केला. १९८० पासूनचा अठरावा लीप सेकंद ३१ डिसेंबर २०१६ ला आला, त्यानंतर तिच्या फिरण्याने नवा मागितलाच नाही. म्हणजे २४ ऑक्टोबर २०२१ उजाडताच या आवृत्त्या थेट १० मार्च २००२ मध्ये जाणार होत्या. उपग्रह बरोबर, रिसीव्हर बरोबर, अक्षांश-रेखांशही शाबूत. फक्त वेळ घेणाऱ्यांचं घड्याळ एकोणीस वर्षं मागे आणि त्या घड्याळावर विसंबलेली सुरक्षा प्रमाणपत्रं अजून जन्मायचीच.

सुदैवाने ही चूक जुलैतच लक्षात आली. ऑगस्टमधल्या ३.२३ आवृत्तीत ती दुरुस्त झाली आणि ऑक्टोबरात अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने जाहीर इशाराही दिला. पण खांबावर, बोटीत, शेतातल्या पेटीत बंद असलेल्या बोर्डांपर्यंत अपडेट पोहोचवणार कोण? ज्यांनी आळसाने ३.१७ तशीच ठेवली होती, ते मात्र या वेळी वाचले. आळसाची अशी बाजू घेणं बरं नव्हे, पण घडलं तसं.

आपल्या नाविक या भारतीय उपग्रह यंत्रणेने आठवड्यांच्या मोजणीची सुरुवात २२ ऑगस्ट १९९९ ही धरली, जीपीएसच्या पहिल्या फेऱ्याचा शेवट. आठवड्याला बिटं तिथेही दहाच, त्यामुळे २०१९ची एप्रिलमधली ती रात्र दोघांची एकच होती आणि पुढची, नोव्हेंबर २०३८ मधली, तीही एकच असेल. जीपीएसच्या नव्या संदेशांत आठवड्याला तेरा बिटं आहेत, ती दीडशे वर्षं पुरतील. लीप सेकंदाचं म्हणाल, तर वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने नोव्हेंबर २०२२ मध्ये ठरवलं की २०३५ पर्यंत ही प्रथाच थांबवायची. कदाचित तो एकोणिसावा सेकंद आता कधी येणारच नाही.