बहुमत कोणाच्या बाजूने?

'ज्याला सर्वात जास्त मते, तो विजयी' हा नियम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की निवडीची दुसरी एखादी रीत असू शकेल हे सहसा आपल्या मनातही येत नाही. दोनच पर्याय असतील तर या नियमात काही खोट नाही. पण पर्याय तीन झाले, की 'सर्वात जास्त' आणि 'निम्म्याहून जास्त' या दोन निरनिराळ्या गोष्टी होतात.

एक उदाहरण घेऊ. ३६ विद्यार्थ्यांच्या वर्गाची सहल ठरवायची आहे. ठिकाणे तीन : वेरूळ, रायगड आणि लोणार. प्रत्येकाने चिठ्ठीवर तिन्ही नावे पसंतीच्या क्रमाने लिहिली. चिठ्ठ्या अशा निघाल्या :

१५ जण : वेरूळ, लोणार, रायगड
१३ जण : रायगड, लोणार, वेरूळ
६ जण : लोणार, रायगड, वेरूळ
२ जण : लोणार, वेरूळ, रायगड

फक्त पहिली पसंती मोजली, तर १५ मतांनी वेरूळ जिंकते. मात्र उरलेल्या २१ पैकी १९ जणांनी वेरूळ शेवटी टाकले आहे!

आता दुसरी रीत पाहू. पहिल्या पसंतीची सर्वात कमी मते असलेले ठिकाण बाद करायचे आणि त्याची मते पुढच्या पसंतीकडे वळवायची. लोणार ८ मतांमुळे बाद होते. त्यातली ६ मते रायगडाकडे आणि २ वेरूळकडे जातात. रायगड १९ विरुद्ध १७ मतांनी जिंकते.

तिसरी रीत एकास एक लढतीची. दोन-दोन ठिकाणांच्या जोड्या लावायच्या आणि प्रत्येक चिठ्ठीवर त्या दोहोंपैकी कोणते आधी आहे एवढेच पाहायचे. लोणार विरुद्ध वेरूळ : २१-१५. लोणार विरुद्ध रायगड : २३-१३. म्हणजे लोणार दोन्ही लढती जिंकते. चिठ्ठ्या त्याच, रीती तीन आणि विजेतेही तीन!

आम्ही आकडे मुद्दाम जुळवले आहेत, अशी शंका कोणी घेईल. पण हे प्रत्यक्षातही घडले आहे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टन नावाचे शहर आहे. तेथे २००९ साली महापौरांची निवडणूक पसंतीक्रमाने झाली. पहिल्या पसंतीची मते कर्ट राइट यांना २,९५१, बॉब किस यांना २,५८५ आणि अँडी मॉन्ट्रोल यांना २,०६३ मिळाली. बाद फेऱ्यांच्या रीतीने अखेर किस ४,३१३ विरुद्ध ४,०६१ मतांनी निवडून आले. नंतर मतपत्रिकांवरून एकास एक लढती मांडल्या, तेव्हा बाद झालेले मॉन्ट्रोल किस यांना सुमारे ५४ टक्के आणि राइट यांना सुमारे ५६ टक्के मतांनी हरवत होते, असे आढळले. या निकालावर बराच वाद झाला आणि २०१० साली नागरिकांनी मतदान करून ती पद्धतच रद्द केली. (पुढे काही वर्षांनी ती पुन्हा स्वीकारली गेली.)

जो प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला एकास एक लढतीत हरवतो तोच खरा विजेता, हा विचार फ्रेंच गणिती काँदोर्से यांनी १७८५ सालच्या ग्रंथात मांडला. अशा उमेदवाराला आज 'काँदोर्से विजेता' म्हणतात. त्यांच्या कितीतरी आधी, १२९९ साली, रामोन लुल या विद्वानानेही जोड्या लावून निवड करण्याची रीत लिहून ठेवली होती.

मग हीच रीत सर्वांनी का स्वीकारू नये? अडचण काँदोर्से यांनीच दाखवून दिली. समजा, तीन मतदारांचे क्रम असे आहेत : अ-ब-क, ब-क-अ, क-अ-ब. येथे अ हा ब ला २-१ ने हरवतो, ब हा क ला २-१ ने हरवतो आणि क हा अ ला २-१ ने हरवतो! प्रत्येक मतदाराचा विचार सुसंगत आहे, पण सर्वांचे मिळून झालेले मत गोल फिरत राहते. अशा वेळी जोडीला आणखी एखादा नियम लागतो. उदाहरणार्थ, चक्रातला सर्वात कमी फरकाचा निकाल सोडून द्यायचा. वरच्या उदाहरणात तर सगळे फरक सारखेच आहेत, म्हणून तेथे हाही उपाय चालत नाही.

शिवाय, सर्वांना 'चालेल' असा मधला उमेदवार निवडावा की थोड्यांना मनापासून हवा असलेला, हा प्रश्न गणिताचा नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते. गणित एवढेच सांगते, की 'बहुमत' नुसते मतपत्रिकांमध्ये नसते. मोजण्याच्या रीतीचाही त्यात वाटा असतो. म्हणून रीत मतपेटी उघडण्यापूर्वी ठरली पाहिजे आणि ती सर्वांना माहीत असली पाहिजे.

शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग जरूर करून पाहावा. चार पर्याय घेतले तर जोड्या सहाच होतात आणि एका तासात सगळी मोजणी होते. निकाल निरनिराळे आले, तर कोणता न्याय्य यावर मुलांना वाद घालू द्यावा.