नाव टिकू लागलं तेव्हा

एकोणिसाव्या शतकात एक यमुना कल्याणला जन्मली आणि दुसरी सांगलीकडच्या देवराष्ट्र्यात. पहिलीचं लग्न १८७४ साली झालं आणि ती आनंदी झाली. १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाली ती आनंदीबाई जोशी म्हणूनच. दुसरी, माहेरची कुर्लेकर, महादेव गोविंद रानड्यांच्या घरी येऊन रमा झाली. लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिही आणि बारशाला आत्यानं कानात सांगितलेलं नाव तिथं संपे. दहाबारा वर्षांतच पुसलं जायचं असेल तर नावासाठी डोकं कोण खाजवणार? गंगा, काशी, गोदा, फार तर ठकू. मुलीला वेगळं, लक्षात राहील असं नाव ठेवायची हौस आली ती, माझ्या मते, ते नाव टिकेल असं वाटू लागल्यावर.

हा बदल एकाच घरात पाहायचा तर कर्व्यांच्या घरी पाहावा. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. विधवेशी लग्न करण्याइतकं धाडस दाखवणाऱ्या त्या घरातही गोदूची आनंदी झालीच. (लोक त्यांना पुढे बाया म्हणूनच ओळखू लागले, ते वेगळं.) त्यांचे चिरंजीव दिनकर. दिनकरांची पत्नी १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेली, करमरकरांची लेक. वडील तिकडे नोकरीला होते, म्हणून तिथल्या मोठ्या नदीचं नाव मुलीला ठेवलं: इरावती. सासूची गोदा माहेरीच राहिली होती. सून मात्र इरावती म्हणून आली आणि इरावतीच राहिली. ‘युगान्त’च्या मुखपृष्ठावर तेच नाव आहे. तिनं आपल्या मुलींची नावं ठेवली जाई आणि गौरी, आणि दोघी लेखिका झाल्या.

नद्यांवरून आठवलं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, झाड, नदी, पर्वत, पक्षी किंवा साप यांचं नाव असलेली मुलगी करू नये असं बजावलं आहे. रोहिणी, तुळसा, गोदा, मैना यांच्या महाराष्ट्रानं ते कधीच मनावर घेतलं नाही, हे बरंच झालं.

इरावतीनंतर नावांना वेग आला. जन्मनाव सरोज असलेल्या शोभना समर्थांनी १९३६ साली मुलीचं नाव नूतन ठेवलं, १९४३ साली दुसरीचं तनुजा. लग्नानंतर दोघींची आडनावं बदलली, नावं तीच राहिली. शकुंतला परांजप्यांनी १९३८ साली जन्मलेल्या लेकीसाठी शिवाजी महाराजांच्या थोरल्या राणीचं नाव घेतलं, सई. आज बालवाडीत हाक मारली तर दोन सया धावत येतात.

या नावांमागे हौस होती. १९५६ नंतर आलेल्या नावांमागे निश्चय होता. गावगाड्यानं ज्यांच्या लेकींना धोंडी, दगडी म्हणून हाका मारल्या, त्यांनी धम्मदीक्षेनंतर प्रज्ञा, करुणा, संघमित्रा, सुजाता ही नावं ठेवली. शूद्राचं नाव तुच्छता दाखवणारं असावं, असंही त्याच मनुस्मृतीत लिहिलेलं होतं. मराठी नावांच्या शतकात यापेक्षा धीट काही घडलेलं मला दिसत नाही. आजची कियारा आणि मायरा ही नावं त्यापुढे अगदीच मिळमिळीत आहेत.

आणि तरी २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात २८५ मुलींना नावं बदलून घ्यावी लागली. त्या सगळ्या नकुशा किंवा नकोशी होत्या. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली की हे नाव ठेवायचं, म्हणजे पुढच्या खेपेला मुलगा होतो, अशी समजूत. साताऱ्यात समारंभ झाला, मुलींना नव्या नावाची प्रमाणपत्रं मिळाली. या वेळी नाव निवडलं ते मुलींनीच. कुणी ऐश्वर्या घेतलं, कुणी वैशाली. वैशाली हे नाव तोवर पुण्यामुंबईच्या पाळण्यांतून केव्हाच मागे पडलं होतं.