काट्यावरचे वजन, कड्यावरचा नेम

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, सदर्न आल्प्सच्या उभ्या कड्यांवर आज जे हिमालयी ताहर चरताना दिसतात, त्यांचे पूर्वज १९०४ मध्ये इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या ड्यूकच्या कळपातून बोटीने तिकडे पाठवले गेले. तीन वर्षांनी ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याच्याकडून शॅमॉय भेटीदाखल आले. वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा स्वतःचा एकही सस्तन प्राणी नसलेल्या त्या देशात या पाहुण्यांना खाणारे जनावर नव्हते आणि तिथल्या गवताला, झुडपांना त्यांच्या दातांची सवय नव्हती. उंचावरच्या वनस्पती झपाट्याने उघड्या पडू लागल्या. म्हणून तिथे ताहरची शिकार हे संवर्धनाचेच काम मानले जाते. १९९३ च्या सरकारी आराखड्याने त्यांच्या संख्येला १०,००० ची मर्यादा घातली. आपल्याकडे हाच ताहर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, आणि तो तसाच राहिला पाहिजे. पण न्यूझीलंडमधल्या शिकाऱ्याला रायफल निवडावी लागते. आठ-आठ तास चढून, घामाघूम होऊन, दरीपलीकडच्या जनावरावर एकच गोळी झाडायची, तर ती रायफल किती हलकी असावी? बाजाराचे उत्तर सोपे आहे: जितकी हलकी तितकी चांगली. पदार्थविज्ञानाचे उत्तर वेगळे आहे, आणि त्या उत्तरावर एका जिवाचे मरण स्वच्छ होणार की हालांचे, हे ठरते.

वजन वाचवून नक्की किती श्रम वाचतात, ते आधी मोजून पाहू. जुन्या लष्करी माउझर रायफलीचे वजन चार किलोंच्या आसपास असे. आज किम्बर माउंटन असेंटसारखी रायफल सव्वादोन किलोंच्या घरात मिळते, तर टिक्का टी-३ एक्स लाइट पावणेतीन ते तीन किलोंची भरते. एक किलो वजन १,००० मीटर उंच न्यायला सुमारे ९.८ किलोज्यूल काम करावे लागते. आपले स्नायू खाल्लेल्या ऊर्जेपैकी साधारण पावच भाग कामात उतरवतात. म्हणजे शरीराला खर्च येतो सुमारे ४० किलोज्यूल, जवळपास साडेनऊ कॅलरी. चहात बुडवायच्या एका ग्लुकोज बिस्किटातसुद्धा याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते. यावर अनुभवी गिर्यारोहक लगेच म्हणेल की पाठीवरचे वजन आणि हातातले वजन यांत फरक आहे, आणि ते खरेच आहे. एका खांद्यावरून घसरणारी, कातळ चढताना हात अडवणारी रायफल अंगाला कॅलरींच्या हिशेबापेक्षा जास्त जाचते. पाच दिवसांच्या मुक्कामात प्रत्येक किलोमागे दुसरे काहीतरी मागे ठेवावे लागते, हेही मान्य. पण मग हातातल्या रायफलीचा त्रास ती पिशवीला घट्ट बांधून बराच कमी होतो. चाप ओढतानाचा त्रास मात्र कशानेच बांधून ठेवता येत नाही.

तो क्षण जवळून पाहावा. .३०८ विंचेस्टर या सर्वसाधारण काडतुसातली गोळी ९.७ ग्रॅमची, वेग सेकंदाला ८५० मीटर. तिच्यामागून जवळपास तीन ग्रॅम दारूचा वायू याहूनही जास्त वेगाने बाहेर पडतो. दोघांचा संवेग मिळून होतो सुमारे १२.६ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद, आणि न्यूटनच्या नियमाप्रमाणे तेवढाच संवेग रायफल मागच्या दिशेने घेते. रायफल चार किलोंची असेल तर ती सेकंदाला ३.१५ मीटर वेगाने खांद्यावर आदळते, अडीच किलोंची असेल तर ५ मीटरने. वेग दीडपटीहून थोडा जास्त वाढला एवढेच वाटेल, पण धक्क्याची ऊर्जा २० ज्यूलवरून जवळजवळ ३२ वर जाते. गोळी नळीत असते जेमतेम एक-सव्वा मिलिसेकंद. तेवढ्या वेळात, म्हणजे गोळी तोंडातून बाहेर पडण्याआधीच, चार किलोंची रायफल सुमारे दीड मिलिमीटर मागे सरकलेली असते आणि अडीच किलोंची अडीच मिलिमीटर. नळीची रेषा खांद्याच्या वर असल्याने हे सरकणे सरळ मागे होत नाही, तोंड वर उचलले जाते. म्हणून हलकी रायफल हाताच्या पकडीतला प्रत्येक फरक गोळीच्या मार्गात उतरवते. सपाट मैदानावर टेकू लावून नेम तपासलेली रायफल डोंगरात ओल्या जाकिटाच्या गुंडाळीवर ठेवली की गोळी दुसरीकडेच का जाते, याचे निम्मे उत्तर या एका मिलिसेकंदात आहे.

उरलेले निम्मे उत्तर माणसाच्या मेंदूत आहे. खांद्याला बसणारा दणका शरीर लक्षात ठेवते. पुढच्या वेळी चाप ओढण्याच्या किंचित आधी डोळा मिटतो, खांदा पुढे ढकलला जातो, बोटाला झटका बसतो. हे जाणूनबुजून होत नाही, म्हणून ते फक्त इच्छाशक्तीने थांबतही नाही. ते सरावाने जाते, आणि दुखवणाऱ्या रायफलीने कोणी मनापासून सराव करत नाही. मोसमाआधी चार-पाच गोळ्या झाडून रायफल पेटीत ठेवली जाते. चापाचा हिशेबही इथे लक्षात घ्यायला हवा. दीड किलोंचा जोर लागणारा चाप सव्वादोन किलोंच्या रायफलीवर ओढायचा, म्हणजे रायफलीच्या वजनाच्या दोन-तृतीयांश इतका जोर एका बोटाने लावायचा. त्यातला थोडासा जरी आडवा गेला तरी नेम हलतो. हलकी रायफल घेणाऱ्याने पहिला खर्च स्वच्छ सुटणाऱ्या चापावर करावा, असे मी ठामपणे म्हणेन.

मग वजन कमी करायचेच नाही का? करायचे, पण सुरुवात काडतुसापासून करायची. अडीच किलोंच्या त्याच रायफलीत .३०० विंचेस्टर मॅग्नम हे जोरदार काडतूस घातले तर धक्क्याची ऊर्जा साठ ज्यूलच्या पुढे जाते. २००७ मध्ये आलेले ६.५ क्रीडमूर घातले तर ती पंचवीसच्या आसपास राहते. आक्षेप येतो की ताहरचा मोठा नर शंभर किलोंच्या पुढे जातो, कणखर असतो, त्याला जोरदार काडतूसच हवे. पण गोळी मारते ती छातीतल्या फुप्फुसांना आणि हृदयाला भेदून. हातभर मागे, पोटात लागलेल्या गोळीचा जोर दुप्पट असला तरी जनावर पडत नाही; ते कड्याच्या पलीकडे उतरते आणि माणूस पोचू शकत नाही अशा घळीत तासन्‌तास झुरते. फुप्फुसात बसलेली ६.५ मिलिमीटरची गोळी पोटात बसलेल्या मॅग्नमपेक्षा कितीतरी दयाळू आहे. ही समज नवी नाही. ऑस्ट्रियाच्या स्टायर कारखान्यातली १९०३ ची मानलिखर-शोनाउअर कार्बाइन आल्प्समधल्या शिकाऱ्यांची लाडकी झाली ती याच गणितावर: नळी जेमतेम ४५ सेंटिमीटर, गोळी ६.५ मिलिमीटरची, लांबट आणि आजच्या मानाने संथ. टायटॅनियम आणि कार्बन फायबर रायफलीत यायच्या कितीतरी आधी तिथल्या कारागिरांनी हलकेपणा आणि सौम्यपणा एकत्र बसवला होता.

दुसरी जागा नळी. इथे सर्वात मोठी चूक होते, कारण वजन घटवायचे म्हणून नळी बारीक केली जाते. नळीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो आणि वजन वर्गाने. बाहेरचा व्यास १६ मिलिमीटरवरून १४ वर आणला तर वजन तीस टक्के घटते, ताठपणा मात्र चव्वेचाळीस टक्के. याउलट व्यास तोच ठेवून ६१ सेंटिमीटरची नळी ५१ वर कापली तर वजन सोळा टक्के घटते आणि ताठपणा सुमारे एक पूर्णांक सात पट वाढतो, कारण लांबीचा परिणाम तिसऱ्या घाताने होतो. त्यासाठी गोळीचा वेग तीन-चार टक्के द्यावा लागतो. माझ्या मते डोंगरातल्या शिकारीत याहून चांगला सौदा नाही. नळीवर उभ्या खाचा पाडल्या की ती ताठ होते, हा समज बराच पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे: धातू काढून घेतल्यावर तीच नळी आधीपेक्षा थोडी लवचीकच होते. खाचांची नळी ताठ ठरते ती तेवढ्याच वजनाच्या, पण बारीक गोल नळीशी तुलना केली तर. कार्बन फायबर गुंडाळलेल्या नळीचेही तसेच. जाड पोलादी नळीपेक्षा ती हलकी असते. बारीक पोलादी नळीपेक्षा क्वचितच.

बारीक नळी तापते आणि नेम भरकटतो, हा तिच्यावरचा नेहमीचा आरोप मात्र मला फारसा वजनदार वाटत नाही. प्रत्येक बारानंतर अडीच किलोज्यूलच्या आसपास उष्णता नळीत शिरते. एक किलो पोलाद तेवढ्याने सरासरी पाचेक अंशांनी तापते. शिकारीत एक गोळी झाडली जाते, फार तर दोन. महत्त्वाची असते ती थंडगार नळीतून सुटणारी पहिली. बारीक नळीचा दोष तिच्या तापण्यात नाही, तिच्या थरथरण्यात आणि समोरचे वजन हरवण्यात आहे. धापा टाकणाऱ्या, मिनिटाला एकशेचाळीस ठोके पडणाऱ्या माणसाच्या हातात रायफलीचे टोक हलत राहते. जडत्व अंतराच्या वर्गाने वाढते, म्हणून टोकाकडचे शंभर ग्रॅम दस्त्यातल्या शंभर ग्रॅमपेक्षा टोक स्थिर ठेवायला खूप जास्त उपयोगी पडतात.

म्हणून कात्री लावायची ती मागच्या अंगाला. कार्बन फायबरचा दस्ता लाकडी दस्त्यापेक्षा बराच हलका असतो, पावसात फुगत नाही आणि नळीला टेकत नाही. टायटॅनियम पोलादाच्या पाऊणपटीपेक्षाही हलके खरे, पण त्याची स्थितिस्थापकता पोलादाच्या निम्मी आहे आणि घासले की ते चिकटू पाहते. बार होतो तेव्हा .३०८ मधला दाब वातावरणाच्या चार हजार पटींवर जातो, बोल्टच्या तोंडावर तीन-चार टनांचा रेटा बसतो आणि तो सारा बोल्टच्या पुढच्या दोन खुंटांवर पेलला जातो. ते खुंट पोलादाचेच असावेत आणि टायटॅनियम भोवतीच्या सांगाड्यापुरते ठेवावे.

सगळ्यात दुर्लक्षित जागा दुर्बिणीची. सव्वादोन किलोंची रायफल विकत घेऊन तिच्यावर नऊशे ग्रॅमची, पंचवीस पट मोठे दाखवणारी दुर्बीण बसवणारे लोक कमी नाहीत. ती उंच बसते, तोल वर जातो, रायफल हातात कलंडते. तीनशे मीटरवर एक मिनिट कोनाची चूक म्हणजे ८७ मिलिमीटर. ताहरच्या छातीतला मर्मभाग याहून बराच मोठा असतो. तेवढ्यासाठी नऊ-दहा पटींची, चारशे ग्रॅमच्या आतली साधी दुर्बीण पुरते. वाचलेले पाचशे ग्रॅम सायलेन्सरला द्यावेत. न्यूझीलंडमध्ये तो सर्रास लावतात, आणि त्यामागे कानांची काळजी आहे, कारण रायफलीचा बार १६० डेसिबलच्या घरात असतो आणि सायलेन्सर त्यातले वीस-तीस डेसिबल कापतो. तो धक्काही कमी करतो आणि त्याचे तीन-चारशे ग्रॅम नेमके टोकाशी बसतात. ५१ सेंटिमीटरच्या नळीवर तो लावला तरी रायफल फार लांबत नाही. दुर्बीण, सायलेन्सर, पट्टा आणि भरलेली काडतुसे धरून अशी रायफल साडेतीन किलोंच्या आसपास भरते. दुकानाच्या जाहिरातीत हा आकडा कधीच छापलेला नसतो. शिकाऱ्याने काट्यावर ठेवायची ती मात्र अशी, सगळ्या साजासकट.