जिल्हा परिषद प्राथमिक शाळांतील पटसंख्या : स्वरूप आणि परिणाम

प्रस्तावना :
ग्रामीण महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षणाचा मुख्य आधार जिल्हा परिषदेची शाळा हा आहे. शाळेचा पट हा केवळ नोंदवहीतील आकडा नसून शिक्षकांची पदे त्यावर अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात पटसंख्येत घट का होते व तिचे परिणाम कोणते, याचा विचार केला आहे.

पट आणि शिक्षकपदे :
बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी ६० विद्यार्थ्यांपर्यंत २, ६१ ते ९० पर्यंत ३ आणि ९१ ते १२० पर्यंत ४ शिक्षक अपेक्षित आहेत. त्यामुळे मर्यादेवरील शाळेतून एक-दोन मुले कमी झाली तरी एक पद जाऊ शकते. मग दोन शिक्षकांना सर्व वर्ग एकत्र बसवून शिकवावे लागते. हे पाहून काही पालक मुलांना अन्यत्र पाठवितात आणि पट आणखी घटतो.

घटीची कारणे :
कुटुंबांचा लहान होत गेलेला आकार, शहरांकडील स्थलांतर आणि इंग्रजी माध्यमाची ओढ ही प्रमुख कारणे होत.

पट आणि उपस्थिती :
संचमान्यतेसाठी साधारणतः ३० सप्टेंबरचा पट विचारात घेतला जातो. परंतु बीडसारख्या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे त्यानंतर गाव सोडतात. मुलांचे नाव पटावर राहते, मूल मात्र फडावर असते. यासाठी साखरशाळा व हंगामी वसतिगृहे हे उपाय योजण्यात आले. दुसऱ्या बाजूस, पट फुगवून दाखविण्याच्या प्रकारांमुळे ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर विशेष पटपडताळणी करावी लागली. म्हणजेच पटावरील संख्या व वर्गातील संख्या यांत दोन्ही कारणांनी अंतर पडते. मात्र पहिल्या प्रकारात मूल खरे असते. पडताळणीत त्याचे नाव कमी झाल्यास त्याचा परतीचा मार्ग अवघड होतो. दाखला मिळण्यास विलंब झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, ही अधिनियमातील तरतूद अशा मुलांसाठी मोलाची आहे.

समारोप :
सारांश, केवळ एका दिवसाच्या पटावरून शाळेची गरज ठरविणे अपुरे आहे. वर्षभराची उपस्थिती, हंगामी स्थलांतर आणि जवळच्या दुसऱ्या शाळेचे अंतर यांचा एकत्रित विचार झाला, तरच लहान गावातील मुलांचा शिक्षणाचा हक्क प्रत्यक्षात उतरेल.