आधी ताण की आधी बातम्या?

‘माध्यमं आणि ताण’ असा विषय घ्यायचा विचार करताय? मग हा अभ्यास नक्की वाचा. एप्रिल २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. होल्मन, गार्फिन आणि सिल्व्हर यांनी पुढच्या काही आठवड्यांत अमेरिकेतल्या ४,६७५ प्रौढांची पाहणी केली. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा किंवा जास्त तास त्याच बातम्या पाहणाऱ्यांनी, प्रत्यक्ष स्फोटाशी संबंध आलेल्यांपेक्षाही जास्त ताण नोंदवला.

पण लगेच ‘बातम्यांमुळे ताण वाढतो’ असं लिहून मोकळे होऊ नका. मुळातच काळजी करणारी माणसं टीव्हीला चिकटून बसली असतील तर? म्हणून संशोधकांनी स्फोटापूर्वीच्या मानसिक आरोग्याची माहितीही हिशेबात धरली. तरी संबंध टिकला.

याच लोकांचा तीन वर्षं पाठपुरावा झाला, तेव्हा चक्र दिसलं. बातम्यांनंतर त्रास, त्रासातून पुढच्या हिंसेची काळजी, आणि २०१६ च्या ऑरलँडो गोळीबारानंतर त्या काळजीपोटी पुन्हा जास्त बातम्या. धीर मिळावा म्हणून आपण जे बघत बसतो, तेच काळजी वाढवत असू शकतं.

तुमच्यासाठी धडा सरळ आहे. ‘किती तास पाहता?’ आणि ‘किती ताण आहे?’ हे एकाच दिवशी, एकदाच विचारलंत, तर आधी काय आलं ते कळणार नाही. निदान दोनदा मोजा.