खूनसत्र व खुन्याचे पलायन

एकाच व्यक्तीने अथवा टोळीने, मध्ये काही काळ जाऊ देऊन, साधारणतः एकाच पद्धतीने केलेल्या खुनांच्या मालिकेस खूनसत्र असे म्हणतात. अशा सत्रातील खुनी व मृत यांची बहुधा पूर्वओळख नसते. त्यामुळे वैर, वारसा, मत्सर इ. तपासाचे नेहमीचे धागे निरुपयोगी ठरतात आणि घटनास्थळ हाच मुख्य पुरावा उरतो. तेथून खुनी कोणत्या वाटेने व कशाच्या आधारे निसटला, या प्रश्नास म्हणूनच विशेष महत्त्व येते. लंडनमधील व्हाइटचॅपल भागातील ‘जॅक द रिपर’ (१८८८) व मुंबईतील ‘स्टोनमॅन’ (१९८५–८७) हे दोन्ही खुनी अखेरपर्यंत अज्ञात राहिले. त्यांच्या पलायनाविषयी केवळ तर्क करता येतो. मुंबईच्याच रामन राघव प्रकरणात (१९६५–६८) मात्र खुनी हाती लागला, त्याने कबुली दिली आणि पोलिसांना सोबत नेऊन जागा दाखविल्या. या ज्ञात प्रकरणाच्या उजेडात उरलेली दोन पाहिली असता, पलायनाचे श्रेय खुन्याच्या चातुर्यापेक्षा नगराच्या रचनेस अधिक द्यावे लागते.

नगराचे हे वैशिष्ट्य ग्रामीण व्यवस्थेशी तुलना केल्यास स्पष्ट होते. खानदेशात, म्हणजे आजच्या नंदुरबार, धुळे व जळगाव या जिल्ह्यांच्या मुलखात, गावच्या राखणीचे काम जागल्याकडे असे आणि तो बहुधा भिल्ल असे. चोरी वा खून झाल्यास पावलांचा माग काढीत तो शिवेपर्यंत जाई. माग पुढच्या गावाच्या हद्दीत शिरल्याचे दाखवून दिले की जबाबदारी त्या गावाच्या जागल्यावर येई. तो माग पुढे नेऊ शकला नाही, तर नुकसानीचा बोजा त्या गावावर पडे. पेशवाईच्या अस्तानंतर मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये सादर केलेल्या अहवालात दख्खनमधील या पद्धतीचे वर्णन आहे. ती सर्वत्र न्याय्य होती असे म्हणता येणार नाही. कमजोर गावास तिचा जाच होई. परंतु तीत दोन गोष्टी गृहीत होत्या : जमीन पाऊल धरून ठेवते आणि परका माणूस ओळखू येतो. फरसबंद रस्त्यावर पाऊल उमटत नाही आणि जेथे सारेच परके तेथे परका उठून दिसत नाही. व्हाइटचॅपलमधील खुनांनंतर ऑक्टोबर १८८८ मध्ये लंडनच्या पोलिसांनी बार्नाबी व बर्घो या दोन माग काढणाऱ्या कुत्र्यांची उद्यानांत चाचणी घेतली. पण जेथून पहाटेपासून शेकडो माणसे जातात, त्या बोळात एकाचा गंध वेगळा काढणे अवघडच होते आणि प्रत्यक्ष तपासात त्यांचा उपयोग झाला नाही.

व्हाइटचॅपलमधील खुनांपैकी पाच सामान्यतः एकाच हातचे मानले जातात, जरी त्याविषयीही अभ्यासकांत एकमत नाही. पलायनाच्या दृष्टीने त्यांतील सर्वांत उद्बोधक घटना ३० सप्टेंबर १८८८ च्या पहाटेची आहे. त्या रात्री एकच्या सुमारास बर्नर मार्गावरील एका आवारात एलिझाबेथ स्ट्राइड या स्त्रीचे प्रेत आढळले. पाऊण तासाच्या आत तेथून पश्चिमेस असलेल्या मायटर चौकात कॅथरिन एडोज मारली गेली. या चौकातून गस्तीचा शिपाई वॉटकिन्स १.३० वाजता गेला, तेव्हा तेथे काही नव्हते. १.४४ वाजता तो परतला, तेव्हा प्रेत पडलेले होते. मधल्या काळात, १.४० च्या सुमारास, हार्वी नावाचा दुसरा शिपाई चर्च पॅसेज या बोळाच्या तोंडापर्यंत येऊन परत गेला होता. त्यालाही काही दिसले वा ऐकू आले नाही. शवतपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या अंदाजाप्रमाणे कृत्यास किमान पाच मिनिटे लागली असावीत. चौकास तीन वाटा होत्या : एक गाडीरस्ता व दोन अरुंद बोळ. गस्त ठरावीक वेळाने व ठरावीक दिशेने फिरे. तिची वेळ ज्याला परिसरात राहून सहज ठाऊक झाली होती, त्याला एका वाटेने शिपाई येत असता दुसरीने निघून जाणे कठीण नव्हते.

पुढचा दुवा अधिक मोलाचा आहे. एडोजच्या एप्रनचा रक्ताने माखलेला तुकडा २.५५ वाजता गोल्स्टन मार्गावरील एका चाळवजा इमारतीच्या दाराशी सापडला. ही जागा चौकाच्या पूर्वेस, सुमारे अर्ध्या किलोमीटरच्या अंतरात आहे. म्हणजे खुनी शहराच्या सधन पश्चिम भागाकडे पळाला नाही. जेथे नुकताच एक खून होऊन पोलीस जमा झाले होते, त्याच दाट वस्तीकडे तो परतला. त्या तुकड्याशी संबंधित शिपायाने २.२० वाजता तो तेथे नव्हता असे सांगितले. ते खरे असेल, तर खुनी मध्यंतरी कोठेतरी जवळपासच थांबला असावा. मायटर चौक ‘सिटी’ पोलिसांच्या, तर गोल्स्टन मार्ग महानगर पोलिसांच्या हद्दीत होता. काही मिनिटांच्या चालीत खुनी एका दलाच्या अधिकारक्षेत्रातून दुसऱ्याच्या क्षेत्रात गेला. खानदेशच्या जागल्याने शिवेवर माग दुसऱ्याच्या हाती सोपविला असता; येथे तसा निर्बंध कोणावरही नव्हता.

बंद घोडागाडी, भुयारी गटारे, डॉक्टरची काळी पिशवी, राजघराण्यातील आश्रयदाते अशा अनेक कल्पना या खुन्याच्या पलायनाभोवती रचल्या गेल्या. त्यांना आधार नाही आणि गरजही नाही. रक्ताने माखलेला माणूस रस्त्यावरून कसा गेला, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. परंतु या वस्तीत खाटीकखाने होते. पहिल्या खुनाच्या जागेपासून जवळच घोडे कापण्याचा कारखाना रात्री चालू असे. रक्ताचे डाग पडलेला कामगार तेथे नवलाचा विषय नव्हता. शिवाय डाग माणसाच्या रक्ताचा की जनावराच्या, हे ठरविण्याची खात्रीशीर चाचणी १९०१ पर्यंत उपलब्ध नव्हती. बोटांच्या ठशांचे कार्यालय जगात प्रथम १८९७ मध्ये कलकत्त्यास निघाले आणि लंडनमध्ये ते १९०१ साली सुरू झाले. म्हणजे त्या पहाटे शिपायाने त्याला अडविले असते, तरी चार प्रश्न विचारून सोडून देण्यापलीकडे फारसे काही करता आले नसते.

अडवून सोडून देण्याचा हा प्रसंग मुंबईत प्रत्यक्ष घडला. १९६५–६६ मध्ये मध्य रेल्वेच्या (पूर्वीच्या जी. आय. पी.) मार्गालगतच्या उपनगरी झोपड्यांतून झोपेतल्या माणसांच्या डोक्यांवर बोथट, जड वस्तूने आघात होऊ लागले. १९ जणांवर हल्ले झाले व त्यांपैकी ९ दगावले. त्या वेळी पोलिसांनी रामन राघव यास संशयावरून धरले होते. पण पुरेसा पुरावा न मिळाल्याने त्यास सोडावे लागले. १९६८ च्या पावसाळ्यात उत्तर उपनगरांत तेच सत्र पुन्हा सुरू झाले. गुन्हा शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांनी तपासाची सूत्रे हाती घेतली आणि २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी वर्णनावरून ओळखून रामन राघवला डोंगरी भागात पकडले. सिंधी दलवाई, तलवाई, अण्णा, तंबी, वेलुस्वामी अशी त्याची अनेक नावे होती; बोटांचे ठसे जुन्या नोंदींशी जुळल्याने ही सर्व नावे एकाच माणसाची असल्याचे निश्चित झाले.

त्याच्याजवळ सापडलेल्या वस्तू येथे नमूद करण्याजोग्या आहेत : चष्मा, दोन फण्या, कात्री, साबण, लसूण, चहाची पूड. हा सारा संसार अंगावर वागविणाऱ्या माणसास परतण्यासाठी घर नव्हते. म्हणून त्याचा माग काढण्यास पत्ताही नव्हता. आरंभी त्याने काही सांगण्यास नकार दिला. नंतर हवे ते जेवण, विशेषतः कोंबडी, दिल्यावर तो बोलू लागला आणि दडवून ठेवलेला लोखंडी गज त्याने काढून दिला. या कबुलीतून पलायनाचे जे चित्र उभे राहते, ते अत्यंत साधे आहे. दार नसलेली वा नीट न लागणारी झोपडी, दिवसभराच्या श्रमाने गाढ झोपलेली माणसे, दिव्याचा अभाव, एक-दोन आघात आणि मग चालत निघून जाणे. मालाडजवळील चिंचोली येथील दोन खुनांबद्दल त्याच्यावर खटला चालला व १९६९ मध्ये देहान्ताची शिक्षा झाली. मनोविकारतज्ज्ञांच्या तपासणीनंतर १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत परिवर्तित केली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मरण पावला.

‘स्टोनमॅन’ने शीव व किंग्ज सर्कल या परिसरात एकेकट्या झोपलेल्या पदपथवासीयांची डोकी मोठ्या दगडाने ठेचली. बळींची संख्या १२ सांगितली जाते. झोपडीला निदान कुडाच्या भिंती असतात. पदपथावर त्याही नव्हत्या. हत्यार जवळ बाळगण्याचे वा दडविण्याचे कारण नव्हते, कारण दगड तेथेच टाकून देता येई आणि त्याच्या खरबरीत पृष्ठावर बोटांचे ठसे क्वचितच उमटतात. दागिना वा पैसा चोरीस जात नसल्यामुळे माल विकताना सापडण्याचीही शक्यता नव्हती. हल्ल्यातून बचावलेल्या एका वेटरला अपुऱ्या प्रकाशामुळे हल्लेखोराचा चेहरा दिसला नाही. पहाटे पहिल्या लोकल गाड्या सुटण्याच्या सुमारास दूधवाले, भाजीवाले व पाळीचे कामगार यांची वर्दळ सुरू होते. तीत मिसळून जाणाऱ्याकडे कोणी वळून पाहिले नसावे.

परंतु त्याला सर्वांत मोठे संरक्षण मिळाले, ते मृतांच्या अनामिकतेचे. अनेकांची ओळखच पटली नाही. त्यांच्यासाठी ठाण्यावर खेपा घालणारे नातेवाईक नव्हते, कालपासून तो कोणाबरोबर होता हे सांगणारे शेजारी नव्हते. पहिले काही खून सुटे, आपसांतील भांडणाचे वा नशेतील प्रकार समजले गेले आणि ते एका मालिकेतले आहेत हे ध्यानी येईपर्यंत सहा जणांचे बळी गेले होते. १८८८ च्या लंडनमध्ये वृत्तपत्रांनी निदान आठवड्याभरात मृत स्त्रियांची नावे घरोघरी पोहोचविली होती. १९८९ मध्ये कलकत्त्यात पदपथावरील १३ जण तशाच रीतीने मारले गेले. दोन्ही शहरांतील खुनी एकच होता की दुसऱ्याने पहिल्याचे अनुकरण केले, याचा निर्णय झाला नाही. दोन्ही प्रकरणांत कोणावरही दोष सिद्ध झालेला नाही.